अक्षर चुकते तेव्हा, मात्रा चुकते तेव्हा : मोठ्या आतड्याच्या कर्करोगातील ऑन्कोजीन आणि मायक्रोआरएनए

मोठ्या आतड्याचे आतले अस्तर सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर सपाट जमिनीवर शेजारी शेजारी असंख्य अरुंद विहिरी खणल्यासारखे दिसते. या विहिरींना क्रिप्ट म्हणतात. प्रत्येक विहिरीच्या तळाशी मोजक्या मूलपेशी असतात. त्या विभागत राहतात, त्यांच्यापासून झालेल्या नव्या पेशी भिंतीला धरून हळूहळू वर सरकतात, वाटेत विभागणे थांबवून पाणी शोषण्याचे किंवा श्लेष्म तयार करण्याचे काम स्वीकारतात आणि चार-पाच दिवसांत काठावर पोहोचून झडून जातात. म्हणजे आठवडाही पुरा होत नाही तोच हे अस्तर जवळजवळ नवे झालेले असते. एवढ्या अखंड नवनिर्मितीत तळाशी विभागणे जितके आवश्यक, तितकेच वर जाताना थांबणे आवश्यक असते. मोठे आतडे आणि गुदाशय यांचा कर्करोग हा मुळात या थांबण्यातला बिघाड आहे. जगभर २०२२ या एका वर्षात सुमारे १९ लाख लोकांना हा आजार झाल्याचे निदान झाले आणि सुमारे ९ लाख लोक त्याने दगावले. कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंमध्ये त्याचा क्रमांक फुप्फुसाच्या कर्करोगानंतर दुसरा लागतो.

हा बिघाड दोन तऱ्हांनी होतो, आणि या लेखात त्या दोन्ही तऱ्हा एकमेकींशी कशा गुंतलेल्या आहेत हे सांगायचे आहे. पहिल्या तऱ्हेत जनुकाच्या मजकुरातले एखादे अक्षर बदलते आणि त्यामुळे तयार होणारे प्रथिनच वेगळे वागू लागते. दुसऱ्या तऱ्हेत मजकूर जसाच्या तसा शाबूत असतो, परंतु त्यावरून तयार होणाऱ्या प्रथिनाची मात्रा, औषधाची मात्रा म्हणतो त्या अर्थाने, कमी किंवा जास्त होते. ऑन्कोजीन म्हटले की प्रामुख्याने पहिली तऱ्हा डोळ्यांसमोर येते, तर मायक्रोआरएनए हा दुसऱ्या तऱ्हेचा कारभार पाहणारा रेणू आहे.

ऑन्कोजीन या शब्दामुळे पुष्कळांचा असा समज होतो की कर्करोग घडवून आणणारी काही वेगळी, दुष्ट जनुके शरीरात दडून बसलेली असतात. हा समज दूर होण्यास विज्ञानालाही बराच काळ लागला. पेटन राऊस यांनी १९११ मध्ये दाखवून दिले की कोंबड्यांतील एका प्रकारची गाठ गाळलेल्या, पेशीविरहित द्रवातून दुसऱ्या कोंबडीत संक्रमित करता येते, म्हणजेच तिच्यामागे एक विषाणू असतो. त्या विषाणूतील कर्करोगकारक जनुकाचा माग काढताना मायकेल बिशप आणि हॅरॉल्ड व्हार्मस यांच्या गटाला १९७६ मध्ये जे सापडले, ते अनपेक्षित होते : त्या जनुकाशी जुळणारे जनुक निरोगी पक्ष्यांच्या डीएनएमध्येच होते. विषाणूने ते कधीकाळी पेशीकडून उचलले होते. या शोधाला १९८९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यातून निघणारा अर्थ असा की ऑन्कोजीन ही आपल्याच वाढीची, जखम भरून येण्याची, अस्तर नवे होण्याची जनुके असतात आणि त्यांचे मूळ रूप शरीराला हवेच असते. बिघडते ते त्यांच्यावरचे नियंत्रण.

मोठ्या आतड्याच्या कर्करोगात या गोष्टीचे सर्वांत बोलके उदाहरण के-रास या जनुकाचे आहे. त्यापासून तयार होणारे प्रथिन पेशीच्या आवरणाला आतून चिकटलेले असते आणि ते बटणासारखे काम करते. पेशीबाहेरून वाढीचा संकेत आला, की ईजीएफआर या ग्राहकामार्फत, म्हणजे पेशीच्या आवरणावर संकेत पकडणाऱ्या प्रथिनामार्फत, तो आत पोहोचतो, के-रास जीटीपी नावाचा रेणू धरून चालू होते आणि रॅफ, मेक, अर्क अशा साखळीने हा संदेश थेट केंद्रकापर्यंत जातो. काम झाले की के-रास त्या जीटीपीचे विघटन करते आणि स्वतःहून बंद होते. मात्र हे विघटन त्याला एकट्याला नीट जमत नाही. त्यासाठी एक मदतनीस प्रथिन येते आणि आपले बोटासारखे टोक के-रासच्या एका खाचेत घालते. त्या खाचेच्या तोंडाशी, प्रथिनाच्या साखळीतील १२ व्या जागेवर, ग्लायसिन हे अमिनो आम्ल असते. ग्लायसिन सर्व अमिनो आम्लांमध्ये सर्वांत लहान आहे आणि तिथे तेवढीच जागा शिल्लक असते. डीएनएमधील एक अक्षर बदलून ग्लायसिनऐवजी ॲस्पार्टिक आम्ल किंवा व्हॅलिन आले, तर ते मोठे असल्यामुळे मदतनीसाचे बोट आत शिरू शकत नाही, जीटीपीचे विघटन होत नाही आणि बटण चालूच राहते. बाहेर वाढीचा कोणताही संकेत नसताना पेशीला आतून सतत तो मिळत राहतो. मोठ्या आतड्याच्या कर्करोगांपैकी सुमारे ४० टक्के गाठींमध्ये के-रासमध्ये असा बदल आढळतो. अब्जावधी अक्षरांच्या मजकुरातील एका अक्षराने एवढे घडावे, हे मला आजही थक्क करणारे वाटते.

परंतु के-रास एकटे बदलले म्हणून कर्करोग होतोच असे नाही. केवळ हा बदल असलेल्या पेशींचे पुंजके आतड्यात आढळतात आणि त्यांतील बहुतेक लहान व निरुपद्रवी राहतात. एरिक फिअरन आणि बर्ट व्होगेलस्टाइन यांनी १९९० मध्ये मांडलेल्या प्रतिमानानुसार हा आजार पायऱ्यापायऱ्यांनी घडतो. बहुतेक गाठींमध्ये पहिली पायरी एपीसी या जनुकाच्या बिघाडाची असते. एपीसी हे ऑन्कोजीनच्या विरुद्ध बाजूचे, म्हणजे गाठ रोखणारे जनुक आहे. त्याचे प्रथिन बीटा-कॅटेनिन नावाच्या दुसऱ्या प्रथिनाची सतत विल्हेवाट लावत असते. विहिरीच्या तळाशी ही विल्हेवाट तात्पुरती थांबवली जाते, म्हणून तिथल्या पेशी विभागतात, आणि वर जाताना ती पुन्हा सुरू होते, म्हणून पेशी थांबतात. एपीसीच्या दोन्ही प्रती निकामी झाल्या, की बीटा-कॅटेनिन साचत जाते आणि वर गेलेली पेशीही स्वतःला तळाशीच समजत राहते. तिथून छोटा मांसांकुर तयार होतो. पुढे के-रास बदलते, मांसांकुर वाढतो; आणि अखेरीस पी५३ सारखे पहारेकरी जनुक निकामी झाले, की त्याचे कर्करोगात रूपांतर होते. या प्रवासाला बहुधा दहा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागतो, आणि कोलोनोस्कोपीत मांसांकुर काढून टाकून कर्करोग टाळता येतो तो या संथपणामुळेच.

आता साचलेले बीटा-कॅटेनिन नेमके काय करते, ते पाहू. ते केंद्रकात जाऊन जी जनुके चालू करते, त्यांत मिक हे ऑन्कोजीन आहे. हा संबंध १९९८ मध्ये स्पष्ट झाला. मिक पेशीला वाढीसाठी लागणारी शेकडो जनुके एकाच वेळी कामाला लावते. लक्षात घेण्याजोगी बाब अशी की मोठ्या आतड्याच्या कर्करोगात मिकच्या मजकुरात सहसा काही बदललेले नसते. अक्षरे बरोबर असतात, केवळ मिकची मात्रा वाढलेली असते. अक्षरांच्या चुकीची कथा मात्रेच्या चुकीच्या कथेला इथे येऊन मिळते, आणि इथून पुढे मायक्रोआरएनए समजून घेतल्याशिवाय वाट काढता येत नाही.

जनुकातील मजकुराची नक्कल संदेशवाहक आरएनएच्या रूपात केंद्रकाबाहेर येते आणि तिच्यावरून प्रथिन तयार होते. नक्कल तयार झाली म्हणजे प्रथिन होणारच, असे कितीतरी वर्षे गृहीत धरले जात होते. व्हिक्टर ॲम्ब्रोस आणि गॅरी रव्हकन यांनी १९९३ मध्ये जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या एका गोलकृमीत असे दाखवले की लिन-४ नावाचे जनुक कोणतेही प्रथिन तयार करतच नाही. त्यापासून केवळ एक अगदी आखूड आरएनए तयार होतो आणि तो लिन-१४ या दुसऱ्या जनुकाच्या नकलेला जोडला जाऊन तिचे प्रथिन होऊ देत नाही. हा कृमींपुरता चमत्कारिक प्रकार असावा असे सुरुवातीला वाटले. पण २००० मध्ये लेट-७ हा दुसरा तसाच रेणू सापडला आणि तो माणसासह अनेक प्राण्यांत आहे हे लक्षात आले, तेव्हा विषयाचे महत्त्व उघड झाले. ॲम्ब्रोस आणि रव्हकन यांना या कामासाठी २०२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

मायक्रोआरएनएची लांबी सुमारे २२ अक्षरांची असते. आधी एक लांब, स्वतःवर दुमडलेली आरएनएची साखळी तयार होते. केंद्रकात ड्रोशा आणि केंद्रकाबाहेर डायसर ही कातरणारी प्रथिने तिचे तुकडे करतात आणि त्यांतील एक धागा आर्गोनॉट नावाच्या प्रथिनात जाऊन बसतो. पुढे हा धागा पत्त्यासारखा वापरला जातो : त्याच्या सुरुवातीची दुसऱ्यापासून आठव्यापर्यंतची अक्षरे ज्या संदेशवाहक नकलेशी जुळतील, ती नक्कल दाबली जाते किंवा लवकर नष्ट केली जाते. जुळणी केवळ सहा-सात अक्षरांची असल्यामुळे एकच मायक्रोआरएनए शेकडो वेगवेगळ्या नकलांना लागू पडतो, आणि एका नकलेवरही अनेक मायक्रोआरएनए काम करू शकतात. मात्र प्रत्येक ठिकाणी होणारा परिणाम सौम्य असतो. एखाद्या प्रथिनाची मात्रा बहुधा काही टक्क्यांनी कमी होते, ती क्वचितच निम्म्यावर येते. म्हणून मायक्रोआरएनएला चालू-बंद करणारे बटण म्हणण्यापेक्षा अनेक नळ एकाच वेळी किंचित आवळणारा हात म्हणणे मला अधिक योग्य वाटते.

सौम्य परिणाम करणारा रेणू कर्करोगात महत्त्वाचा का ठरावा? याचे उत्तर असे की तो ऑन्कोजीनांशी परस्परांना बळ देणाऱ्या चक्रांत बांधलेला आहे. लेट-७ रास प्रथिनांची, म्हणजे के-रास ज्यातले एक आहे त्या कुळाची, आणि मिकची मात्रा आवरतो. रासशी असलेले त्याचे नाते २००५ मध्ये उघड झाले. आता मिक वाढले, की ते लिन-२८-बी या प्रथिनाला वाढवते आणि ते प्रथिन लेट-७ ला पक्के होऊच देत नाही. लेट-७ कमी झाला, की रास आणि मिक यांच्यावरची पकड सैल होते, आणि त्यामुळे मिक आणखी वाढते. दुसरे चक्र मिर-१७-९२ या सहा मायक्रोआरएनएंच्या समूहाचे आहे. मिक त्याला थेट चालना देते आणि तो समूह पेशीची वाढ व टिकाव रोखणाऱ्या पीटेनसारख्या प्रथिनांना आवरतो. हा समूह १३ व्या गुणसूत्रावर असतो आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगात मांसांकुराचे रूपांतर कर्करोगात होताना त्या गुणसूत्राच्या या भागाच्या जादा प्रती अनेकदा तयार झालेल्या दिसतात. असे असल्याने या समूहाला ऑन्कोजीनचेच काम करणारा मायक्रोआरएनए, म्हणजे ऑन्कोमिर, असे नाव पडले. उलट बाजूला मिर-३४-ए आहे. डीएनएला इजा झाली, की पी५३ त्याला वाढवते आणि तो मिकसह विभाजनाला मदत करणाऱ्या अनेक प्रथिनांना दाबतो. पी५३ निकामी झाले, की हा अंकुशही ढिला पडतो. काही गाठींमध्ये तर मिर-३४-ए च्या जनुकावर रासायनिक खुणा चढवून त्याला गप्प केलेले असते, अक्षर एकही न बदलता. एपीसीच्या बाबतीतही मिर-१३५ हा मायक्रोआरएनए त्याची मात्रा कमी करतो असे प्रयोगांत दिसले आहे.

मोठ्या आतड्याच्या कर्करोगात सर्वाधिक अभ्यासला गेलेला मायक्रोआरएनए मात्र मिर-२१ हा आहे. तो बहुतेक गाठींमध्ये वाढलेला असतो, पीटेन आणि पीडीसीडी-४ या गाठ रोखणाऱ्या प्रथिनांना आवरतो, आणि त्याची मात्रा अधिक असलेल्या रुग्णांमध्ये आजाराचा कल बिकट असतो, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. रासच्या साखळीतून येणारा संकेतही त्याला वाढवतो, म्हणजे इथेही अक्षरातली चूक मात्रेतल्या चुकीला जन्म देते.

इथपर्यंत चित्र नीटनेटके वाटते : वाढवणारे मायक्रोआरएनए एका बाजूला, रोखणारे दुसऱ्या बाजूला. या नीटनेटकेपणावर जरा थांबले पाहिजे, कारण मिर-१४३ आणि मिर-१४५ यांची कथा त्याला तडा देते. आतड्याच्या गाठींमध्ये हे दोन मायक्रोआरएनए निरोगी भागापेक्षा पुष्कळ कमी असतात, असे २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा मायक्रोआरएनएशी जोडला गेलेला तो पहिला महत्त्वाचा धागा होता. पुढे प्रयोगशाळेत वाढवलेल्या कर्करोगी पेशींमध्ये मिर-१४३ बाहेरून घातला, तर के-रासची मात्रा घटते आणि वाढ मंदावते, हेही दिसले. साहजिकच या जोडीला गाठ रोखणारे मायक्रोआरएनए असे म्हटले जाऊ लागले आणि अस्तराच्या पेशींनी ते गमावल्यामुळे कर्करोग बळावतो, अशी मांडणी रूढ झाली.

२०१४ मध्ये उंदरांवरील एका काळजीपूर्वक केलेल्या अभ्यासाने या मांडणीच्या पायालाच प्रश्न विचारला. आतड्याच्या भिंतीतील पेशी प्रकारांनुसार वेगळ्या करून पाहिल्या, तेव्हा मिर-१४३ आणि मिर-१४५ अस्तराच्या पेशींमध्ये जवळजवळ नव्हतेच. ते अस्तराखालच्या आधारपेशींमध्ये, म्हणजे स्नायू आणि तंतुपेशी यांच्यात, भरपूर होते. मग गाठीत ते कमी का दिसत होते? कारण गाठीचा तुकडा वाटून त्यातील आरएनए मोजला जातो, आणि गाठीत अस्तरापासून उपजलेल्या पेशींचे प्रमाण जास्त, आधारपेशींचे कमी असते. जे मुळात त्या पेशींमध्ये नव्हतेच, ते त्यांनी गमावले असे म्हणता येत नाही. पुढची गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. ही जोडी काढून टाकलेल्या उंदरांच्या अस्तराला इजा झाली, तेव्हा ते अस्तर नीट भरून आले नाही, कारण आधारपेशींतील ही जोडी शेजारच्या अस्तराला पुन्हा वाढण्यास साहाय्य करत होती. ज्याला वाढ रोखणारा मानले होते, तो योग्य जागी राहून वाढीला हातभार लावत होता. मिर-२१ बाबतही ऊतींच्या कापांवर रंग चढवून पाहिले असता तो बऱ्याचदा कर्करोगी पेशींपेक्षा त्यांच्याभोवतीच्या तंतुपेशींमध्ये ठळक दिसतो.

माझ्या मते या विषयावर वाचताना प्रत्येकाने मनाशी धरावा असा प्रश्न इथे सापडतो : मोजलेला मायक्रोआरएनए कोणत्या पेशीत होता? वाटलेल्या ऊतीतील आकडे घेऊन एखाद्या मायक्रोआरएनएवर चांगला किंवा वाईट असा शिक्का मारणारे लेखन विपुल आहे, आणि या एका प्रश्नासमोर त्यातील बरेचसे डळमळते. जागेइतकाच काळही महत्त्वाचा असतो. मिर-२०० कुळातील मायक्रोआरएनए झेब-१ या प्रथिनाला दाबून अस्तराच्या पेशींना एकमेकींना धरून ठेवण्यास मदत करतात. गाठीच्या ज्या कडेवरून पेशी सुटून आत घुसतात, तिथे हे कुळ घटलेले असते. पण त्याच पेशी यकृतात जाऊन स्थिरावल्या, की ते पुन्हा वाढलेले आढळते. कर्करोगाला सुटण्यासाठी एक मात्रा लागते आणि वसण्यासाठी दुसरी.

निदान आणि उपचार यांत अक्षर आणि मात्रा यांतील फरक लगेच जाणवतो. अक्षर बदललेले आहे किंवा नाही, या प्रश्नाचे उत्तर होय किंवा नाही असे देता येते. त्यामुळे २०१४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या शौचातील डीएनएच्या चाचणीत के-रासमधील ठरावीक बदल शोधण्याचा समावेश करता आला. मायक्रोआरएनए रक्तात आणि शौचात आश्चर्यकारक रीतीने टिकून राहतात, आणि मिर-२१ व मिर-९२-ए यांच्या रक्तातील वाढीवरून कर्करोग ओळखता येईल का, याचा शोध अनेक वर्षे सुरू आहे. पण मात्रा नेहमी कशाच्या तरी तुलनेत मोजावी लागते. मिर-९२-ए तांबड्या रक्तपेशींतही मुबलक असतो, त्यामुळे नमुना घेताना थोड्या पेशी फुटल्या तरी आकडा फसवा होतो. म्हणून आजही तपासणीचा आधार शौचातील न दिसणाऱ्या रक्ताची चाचणी आणि कोलोनोस्कोपी हाच आहे.

उपचारांत के-रासच्या अक्षराला २००८ च्या सुमारास निर्णायक महत्त्व आले. सेटुक्सिमॅब आणि पॅनिटुमुमॅब ही प्रतिद्रव्ये ईजीएफआर या ग्राहकाला बाहेरून झाकतात. परंतु आतले के-रासचे बटण अडकून चालूच राहिले असेल, तर बाहेरचे दार लावून काही साधत नाही. या औषधांपूर्वी रासची तपासणी करण्याचा नियम तेव्हापासून झाला. सुमारे ३ टक्के गाठींमध्ये १२ व्या जागी सिस्टीन येते, आणि त्यातील गंधकाला पकडून बसणारी सोटोरासिब व ॲडाग्रासिब ही औषधे तयार झाली आहेत. आतड्याच्या कर्करोगात ती एकटी फारशी चालली नाहीत, कारण एक वाट अडली की पेशी ईजीएफआरमार्फत संकेत वाढवून तूट भरून काढते. बी-रॅफ या जनुकातील बदल असलेल्या सुमारे ८ ते १० टक्के गाठींमध्ये हीच अडचण आधी, २०१२ मध्ये, उलगडली होती. त्यामुळे आता ही औषधे ईजीएफआरविरोधी प्रतिद्रव्यासोबत दिली जातात.

मात्रा सुधारणारे औषध करण्याचा मोठा प्रयत्न मिर-३४-ए वर झाला. त्याची कृत्रिम प्रत मेदाच्या सूक्ष्म थेंबांत भरून रक्तात सोडायची, असे त्याचे स्वरूप होते. माणसांवरील चाचणी २०१३ मध्ये सुरू झाली आणि २०१६ मध्ये थांबवावी लागली, कारण काही रुग्णांमध्ये प्रतिकारशक्तीची तीव्र प्रतिक्रिया उमटली आणि काहींचा मृत्यू झाला. शेकडो नकलांवर एकाच वेळी काम करणारा रेणू नेमक्या पेशीत, नेमक्या मात्रेत पोहोचवणे हे किती कठीण आहे, याची जाणीव त्यातून झाली. कर्करोगावर मायक्रोआरएनएचे मान्यताप्राप्त औषध अद्याप नाही.

पुढे पसरलेल्या आजाराच्या रुग्णाच्या हाती जो जनुकीय अहवाल पडतो, त्यात म्हणूनच रास, बी-रॅफ आणि डीएनए-दुरुस्तीतील दोष दाखवणारी चाचणी यांच्या नोंदी असतात; शेवटची नोंद प्रतिकारशक्तीवर आधारित उपचार उपयोगी पडतील का, हे ठरवते. अहवालात के-रास बदललेले आहे असे वाचून मुलांना हा दोष वारशाने जाईल, अशी भीती अनेक कुटुंबांना वाटते. ती अनाठायी आहे, कारण हा बदल केवळ गाठीतल्या पेशींमध्ये, आयुष्याच्या ओघात झालेला असतो. वारशाचा प्रश्न उद्भवतो तो एपीसी किंवा डीएनए-दुरुस्तीच्या जनुकांमध्ये जन्मजात दोष असल्यास, आणि त्यासाठी स्वतंत्र तपासणी व समुपदेशन असते. मायक्रोआरएनएची नोंद या अहवालात सहसा नसते. ज्यांच्या रासची अक्षरे अगदी बरोबर आहेत, अशा रुग्णांपैकीही काहींना प्रतिद्रव्याचा उपयोग होत नाही, आणि त्यांच्या गाठीत मिर-३१ ची मात्रा अधिक असल्याचे काही अभ्यासांत दिसले आहे. उपचार निवडण्याच्या वेळी मात्रेची ही मोजणी अक्षरांच्या शेजारी मांडता येईल का, हे तपासण्याचे काम सध्या चालू आहे.